‘गनस्मोक’चा संपूर्ण डीव्हीडी संच : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात बाराव्या पर्वाची एक डिस्क दुसऱ्या भागाच्या एकतिसाव्या मिनिटाला अडकली, आणि त्यानंतर विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला त्यामुळे हा अनुभव आताच लिहायला बसलो आहे. सगळी पर्वे पाहून झाल्यावर सावकाश लिहावे असे ठरवले होते. पण जे हा संच घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी कळायला हवी.

मालिकेची जुजबी माहिती वाचकांना असणारच, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ‘गनस्मोक’ ही अमेरिकेतली दूरचित्रवाणीवरची वेस्टर्न, म्हणजे तिथल्या पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या आणि बंदूकबाजांच्या काळातली मालिका; 10 सप्टेंबर 1955 ते 31 मार्च 1975, एकूण 20 पर्वे आणि 635 भाग. भाचीने अमेरिकेहून येताना आणलेला हा संच मला 12,700 रुपयांना पडला, म्हणजे भागामागे बरोबर 20 रुपये. अमेरिकेतल्या डिस्कचा विभाग-संकेत 1 आणि आपल्याकडचा 5 असल्यामुळे घरातला जुना प्लेअर त्या वाचत नव्हता. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घ्यायला आणखी 3,000 रुपये गेले. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

पहिली सहा पर्वे अर्ध्या तासाच्या भागांची आहेत. असे एकूण 233 भाग आम्ही, म्हणजे मी आणि पत्नी, रात्री जेवणानंतर रोज दोन या बेताने चार महिन्यांत पाहिले. ते 35 मिमी फिल्मवर चित्रित झालेले असल्याने कृष्णधवल चित्र अजूनही इतके स्वच्छ आहे की धुळीच्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या दिसतात. त्या काळात डझनावारी वेस्टर्न मालिका चालू होत्या; 1958-59 च्या हंगामात अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत सात वेस्टर्न होत्या आणि त्यांत ‘गनस्मोक’ पहिल्या क्रमांकावर होती. ‘द लाइफ अँड लिजंड ऑफ वायट अर्प’ ही मालिका तर हिच्याआधी चारच दिवस सुरू झाली होती. या गर्दीत हिचे वेगळेपण कशात होते, ते पहिल्याच भागात कळते. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन त्या भागात आपल्याहून चपळ बंदूकबाजाकडून गोळी खाऊन पडतो. बरा झाल्यावर तो विचार करतो की समोरच्याचा हात वेगवान आहे, परंतु त्याचा नेम जवळूनच लागतो. आणि दुसऱ्या वेळी तो अंतर राखून उभा राहतो. नायकाचा पराभव दाखवून मालिकेची सुरुवात करण्याचे हे धाडस आजही मला मोठे वाटते.

हे बळ रेडिओवरून आलेले आहे. नॉर्मन मॅकडोनेल आणि जॉन मेस्टन यांनी 1952 मध्ये हीच मालिका मोठ्या माणसांसाठीचे श्रुतिनाट्य म्हणून सुरू केली होती आणि तेथे डिलनचा आवाज विल्यम कॉनराड यांचा होता. सुरुवातीच्या दूरचित्रवाणी भागांतल्या अनेक कथा मेस्टन यांच्याच आहेत. त्यांत माळावर एकटे पडलेले शेतकरी, नवऱ्याच्या माराला कंटाळलेल्या बायका आणि कर्जाने पिचलेले गुराखी येतात, आणि कित्येकदा मार्शल पोहोचतो तेव्हा व्हायचे ते होऊन गेलेले असते. आरंभीच्या भागांत डिलन गावाबाहेरच्या बूट हिल या दफनभूमीत उभा राहून स्वतःशी बोलतो. ते निवेदन पुढे बंद झाले, याची मला फार हळहळ वाटते. पंचवीस-सव्वीस मिनिटांत माणूस उभा करून त्याला शेवटापर्यंत नेण्याची ती कारागिरी पाहिल्यावर माझे मत असे झाले होते की संचाची खरी किंमत या सहा पर्वांतच आहे आणि 1961 पासूनचे तासाभराचे 402 भाग ही नुसती भर आहे. सातवे पर्व पाहताना ते मत अधिकच घट्ट झाले, कारण अनेक कथांत पाणी घातल्यासारखे वाटत होते. तासाभराची पर्वे कोणाला तरी विकून निम्मे पैसे सोडवावेत, असे मी घरी बोलूनही दाखवले.

ते मत आता मी मागे घेतो. नवव्या पर्वानंतर ताठ पायाने लंगडत चालणारा, डिलनचा मदतनीस चेस्टर मालिकेतून जातो आणि ती भूमिका करणारे डेनिस वीव्हर, ज्यांना त्यासाठी 1959 मध्ये एमी पुरस्कार मिळाला होता, पुन्हा दिसत नाहीत. त्यांची जागा निरक्षर, डोंगराळ बोली बोलणारा फेस्टस हॅगन घेतो. ही भूमिका करणारे केन कर्टिस हे मूळचे गायक. पण फेस्टसच्या चिरक्या, हेल काढून बोलण्यात त्यांनी आपला सुरेल गळा पुरता लपवला आहे. फेस्टस आणि डॉक्टर अॅडम्स यांची भांडणे ही या भागांची जान आहे. मिलबर्न स्टोन यांनी रंगवलेला हा डॉक्टर चिडका आणि थकलेला असला तरी अपरात्री बग्गी जुंपून निघणारा आहे, आणि पत्नी आता केवळ त्याच्यासाठी पडद्यासमोर बसते. तासाभराच्या भागात कथा पातळ होते हे खरे असले, तरी माणसांना एकमेकांसोबत बसायला वेळ मिळतो. लाँग ब्रँच या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, त्याची मालकीण किटी रसेल आणि डिलन एका टेबलाशी बसतात आणि नात्याचे नाव कधीच घेत नाहीत, ती शांतता अर्ध्या तासात मावणारी नव्हती. मात्र मूळ रहिवाशांच्या भूमिका गोऱ्या नटांना रंग लावून देण्याची त्या काळची रीत येथेही आहे आणि ते पाहणे आज जड जाते.

बारावे पर्व 1966 मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून मालिका रंगीत झाली. याच पर्वाच्या अखेरीस, 1967 मध्ये, सीबीएस वाहिनीने मालिका बंद करण्याचे ठरवले होते. तो निर्णय वाहिनीचे प्रमुख विल्यम पेली यांनी फिरवला, त्यासाठी ‘गिलिगन्स आयलंड’ ही विनोदी मालिका वगळली गेली, आणि शनिवारऐवजी सोमवारी दाखवली जाऊ लागल्यावर ‘गनस्मोक’ पुन्हा पहिल्या दहांत आली. मरणाच्या दारातून परतण्यापूर्वीची ही मालिका कशी होती, हे पाहण्यासाठी मी या पर्वाची महिनोन्‌महिने वाट पाहत होतो. आणि नेमकी त्यातली डिस्क अडकली.

मऊ कापडाने मध्यातून कडेकडे सरळ रेषेत पुसून पाहिली, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावली, संगणकावर लावली. तीनही ठिकाणी चित्र त्याच क्षणी गोठते आणि पुढचे दोन भाग उघडतच नाहीत. डिस्कवर ओरखडा नाही, म्हणजे दोष छपाईतला असावा. विक्रेत्याने उत्तर दिले की तक्रारीची मुदत 30 दिवसांची होती, आणि मुदत शिल्लक असती तरी एक डिस्क बदलून मिळाली नसती, संपूर्ण संच परत पाठवावा लागला असता.

या 30 दिवसांचा हिशेब मी त्यांना लिहून पाठवला. अर्ध्या तासाच्या 233 भागांना सरासरी 26 मिनिटे धरली तर 101 तास होतात. तासाभराच्या 402 भागांना 50 मिनिटे धरली तर 335 तास होतात. एकूण 436 तासांचा संच 30 दिवसांत तपासायचा असेल, तर ग्राहकाने रोज साडेचौदा तास पडद्यासमोर बसले पाहिजे. एका चित्रपटाच्या डिस्कला लावण्याची मुदत शंभराहून अधिक डिस्कच्या संचाला लावणे हा अन्याय आहे, आणि माझे नुकसान भागांच्या हिशेबाने जेमतेम 50 रुपयांचे असले तरी मी तो मान्य करणार नाही. त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको होती, ती डिस्क हवी होती. तिसऱ्या पत्राला उत्तर आलेले नाही.

हा संच घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. घ्या, पण घरी येताच पहिल्या आठवड्यात प्रत्येक डिस्क संगणकात घालून प्रत्येक भागाची सुरुवात, मध्य आणि शेवट एकेक मिनिट पाहा. डिस्कमागे दहा-पंधरा मिनिटे लागतात, म्हणजे रोज चार-पाच तास दिले की आठवड्यात काम होते. अडकलेली डिस्क सापडल्यास मुदतीतच लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. मी ही तपासणी तेराव्या पर्वापासून पुढच्या सर्व डिस्कची गेल्या रविवारी सुरू केली असून आतापर्यंत सोळावे पर्व संपले आहे. सर्व डिस्क व्यवस्थित चालतात.

तेरावे पर्व आम्ही परवा सुरू केले. बाराव्यातले ते अडीच भाग राहिलेच आहेत. कोणाकडे त्या पर्वाचा सुटा संच असेल आणि तो विकायचा असेल, तर वाजवी किंमत देऊन मी घ्यायला तयार आहे.