पोर्ट क्लांगहून मलाक्का शोअर एक्सकर्शन: गाव भारी, वेळेचा सगळा खेळखंडोबा

सिंगापूरहून निघालेली क्रूझ मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदराला लागली की आपली बहुतेक मंडळी क्वालालंपूरला ट्विन टॉवर नि बाटू केव्हज बघायला पळतात. आम्ही आई-बाबांना घेऊन मलाक्का या जुन्या गावाची क्रूझचीच टूर (शोअर एक्सकर्शन म्हणतात ती) घेतली आणि जागेबद्दल एका शब्दाची तक्रार नाही, तक्रार आहे ती वेळेची. एका बाजूचं अंतरच दीडशे किलोमीटरच्या आसपास, दोन तास जायला दोन यायला, रस्ता मख्खन आहे पण खिडकीतून बघायला पामची झाडं सोडून काही नाही.

गाईडकाका एक नंबर. आम्ही मुंबईकडचे म्हटल्यावर डायरेक्ट गोव्यावरच आले, 1510 ला पोर्तुगीज अल्बुकर्कने गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथून येऊन मलाक्का, मग 1641 ला डच, नंतर इंग्रज. लाल चौकातलं डचांचं स्टाडहाउस, म्हणजे जुनं टाउन हॉल, आणि 1753 चं क्राइस्ट चर्च फोटोपुरतं छान आहे, गर्दी मरणाची, त्यात हॅलो किट्टीने मढवलेल्या सायकलरिक्षा कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात गाणी लावून फिरतायत. बाबांना जाम आवडल्या.

खरी मजा वर टेकडीवर. सेंट पॉल चर्चला छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि त्यांना टेकवून ठेवलेल्या माणसाएवढ्या डच थडग्यांच्या शिळा. आत जमिनीत जाळी लावलेला एक खड्डा आहे, लोक त्यात नाणी टाकतात. जुन्या गोव्यात बॉम जिझसला चांदीच्या पेटीत असलेला सेंट झेवियर गोव्याला नेण्याआधी 1553 मध्ये काही महिने इथे पुरलेला होता! बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात नसलेला, झाड पडून तुटला म्हणे, आणि खऱ्या शवाचा उजवा हातही 1614 ला काढून रोमला पाठवलेला, काका हे सांगत होते तेव्हा अंगावर काटा आला राव. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांनी विचार करा. खाली उतरलं की पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला एकुलता एक दरवाजा, बाकी किल्ला इंग्रजांनी पाडला.

आणि मग जोंकर स्ट्रीट या बाजाराच्या रस्त्याला मोजून पाऊण तास. चेंडोल मात्र खाल्लंच, बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाका, म्हणजे आपला माडाचा गूळच हो, शाकाहारी लोकांनी बिनधास्त खा. जवळच 1781 चं गणपतीचं देऊळ आहे, त्याच रस्त्यावर मशीद आणि चिनी मंदिरही, आईला जायचं होतं, तर म्हणे टाइम नाही. आणि परतताना "वॉशरूम ब्रेक" म्हणून चॉकलेटच्या दुकानात उतरवलं तिथे चाळीस मिनिटं घालवली! वॉशरूमच्या रांगेपेक्षा सॅम्पलच्या ट्रे मोठ्या. तेवढ्यात देवळाला जाऊन दोनदा आलो असतो.

तरी ज्येष्ठ सोबत असतील तर क्रूझचीच टूर घ्या, बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. चौघं-पाचजण तरुण असाल आणि जहाज संध्याकाळी उशिरा सुटणार असेल तर गाडी करून जा, सकाळी लवकर निघा. टूर घेतलीच तर जहाजावरच्या टूर डेस्कवर शॉपिंग स्टॉप आहे का ते आधी स्पष्ट विचारा आणि सुटे रिंगिट (मलेशियाचे पैसे) ठेवा, चेंडोलवाल्याकडे कार्ड चाललं नाही.