कॅमेलिऑनसाठी जाळीचा पिंजरा: पैसे वसूल, फक्त कडी बघून घ्या

व्हेल्ड कॅमेलिऑन (झाडावर राहणारा परदेशी सरडा) पहिल्यांदाच पाळतोय, आधी दुकानदाराने काचेची टाकी गळ्यात मारली होती, त्यात हवाच खेळत नाही, म्हणून हा 4 फूट उंच जाळीचा पिंजरा घेतला आणि जीव भांड्यात पडला. पठ्ठ्या दिवसभर वरच्या फांदीवरच असतो. वाटीतल्या पाण्याकडे बघतही नाही, पानांवरचे थेंब चाटतो, सकाळी स्प्रे मारला की एक डोळा माझ्याकडे अन् दुसरा पानाकडे, मग हळूच जीभ लावतो, बघतच बसावंसं वाटतं. एप्रिलमध्ये पुण्यात सगळं लगेच सुकतं त्यामुळे दोन-तीनदा मारावा लागतो. दाराची कडी मात्र एकदम ढिली, मी बोहरी आळीतून दुसरी आणून बसवली.

यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी दिव्याची नळी) वेगळी घ्यावी लागते, तिथे पैसे वाचवू नका, तिच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात, खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. आणि प्लीज, टेकडीवरचा आपला घोयरा सरडा, म्हणजे देशी कॅमेलिऑन, धरून आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. परदेशी घेतलात तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून टाका.