दहा महिने ऑटोकॅड आणि स्केचअप: सुताराच्या घरात शिकताना

मागच्या जूनमध्ये ऑटोकॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मापाचे नकाशे काढायच्या प्रोग्रामच्या, क्लासला नाव घातलं आणि ऑक्टोबरपासून घरीच स्केचअप, म्हणजे थ्रीडी मॉडेल करायचा प्रोग्राम, शिकायला घेतलं. तेव्हापासून एकही आठवडा असा गेला नाही की दोन्हींपैकी काही उघडलं नाही. इंटिरियरसाठी हे शिकावं का, काय आधी शिकावं, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना तुकड्यातुकड्याने सांगून झालंय, म्हणून आता एकदा सगळं लिहून काढते.

आमचं सांगलीत फर्निचरचं काम आहे. आप्पा ३५ वर्षं सुतारकाम करतात. कपाट कसं होणार हे गिऱ्हाईकाला सांगायचं तर प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. अलीकडे लोक मोबाईलवर फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "अगदी असंच, पण आमच्या भिंतीत बसवून द्या." ते "आमच्या भिंतीत" कसं दिसेल हे काम सुरू व्हायच्या आधी दाखवता यावं, एवढ्यासाठी मी यात उतरले.

क्लास तीन महिन्यांचा होता. ऑटोकॅडची बोटं तिथे तयार झाली हे खरं. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. लाइन, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, मिरर या आज्ञा आता विचार न करता उमटतात. ऑफसेट म्हणजे दिलेल्या अंतरावर समांतर रेघ: ओ, मग २३० मिलिमीटर, आणि भिंतीची दुसरी रेघ तयार. स्पेस दाबली की मागची आज्ञा पुन्हा हजर. ऑटोकॅड १९८२ सालचं आहे आणि आज्ञा टाइप करायची ती जुनी पद्धत अजून टिकली आहे, कारण एकदा हाताला बसली की तिच्याइतकं भराभर दुसरं काही चालत नाही. नकाशा नेहमी खऱ्या मापात काढायचा, लहान-मोठा करायचा तो फक्त कागदावर मांडताना, हेही तिथेच पक्कं झालं. आता माझा प्लॅन १:५० वर असतो, भिंतीचं एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, १:२० वर आणि जोडणीचा तपशील १:५ वर.

पण तीन महिन्यांत आम्ही एकदाही खोली मोजली नाही. तयार नकाशे समोर ठेवून त्यांच्यावरून काढत राहिलो. त्या नकाशांत प्रत्येक कोपरा ९० अंशांचा होता.

पहिलं खरं काम विश्रामबागेतल्या एका फ्लॅटची बेडरूम. चारही भिंती मोजल्या, घरी येऊन काढायला बसले, आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळेचना. २२ मिलिमीटरची फट राहिली. माझंच माप चुकलं असं धरून दुसऱ्या दिवशी परत गेले. तीच मापं आली. आप्पांना सांगितलं तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिरकं माप घेतलंस का? खोली गुण्यात नसंल." तिरकं घेतलं. दोन कर्णांत जवळजवळ दीड इंचाचा फरक निघाला. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हतीच.

तेव्हापासून पद्धत बदलली. एक भिंत सरळ आखायची. तिच्या एका टोकावर कर्णाच्या मापाचं वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावर शेजारच्या भिंतीच्या मापाचं वर्तुळ काढायचं. जिथे दोन्ही छेदतात तो खरा कोपरा. कपाटाच्या जागेचं माप तर तीन उंचींवर घ्यायचं: स्कर्टिंगजवळ, कमरेएवढ्यावर आणि वर बीमखाली, कारण गिलावा कुठे फुगलेला असतो, कुठे दबलेला. त्यातलं सगळ्यांत लहान माप कपाटाचं, आणि उरलेल्यासाठी फिलर पट्टी. हे शिकायला कॉम्प्युटर लागत नाही, पण हे न करता कॉम्प्युटरवर काढलेलं सगळं फुकट जातं. कोणी क्लास शोधत असेल तर एवढंच विचारा: विद्यार्थ्यांना टेप घेऊन साइटवर नेता का?

आता स्केचअप. अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये ॲट लास्ट सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीने २००० मध्ये ते काढलं. २००६ मध्ये ते गूगलकडे गेलं आणि २०१२ मध्ये ट्रिंबलकडे. त्याची सगळी जादू पुश-पुल या एका हत्यारात आहे: चौकोन काढा, ओढा, ठोकळा तयार. पहिल्या संध्याकाळी तासाभरात मी आमचं स्वयंपाकघर उभं केलं. ओटा, वरची कपाटं, खिडकी. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

महिनाभर अशीच ठोकळे ओढत होते. मग एक दिवस तीन पल्ल्यांचं वॉर्डरोब आप्पांना दाखवलं. रंग लावलेला, मुठी बसवलेल्या. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ह्याची पाठ कुठाय? आणि हे उभं कशावर ऱ्हाणार?"

माझ्या कपाटाला पाठ नव्हती. बाजूच्या फळ्यांना जाडी नव्हती. आत पोकळी नव्हती, तो भरीव ठोकळा होता आणि त्यावर पल्ल्यांच्या रेघा मारलेल्या होत्या. गिऱ्हाईकाला चित्र म्हणून चाललं असतं, पण त्यावरून एक फळीसुद्धा कापता आली नसती. ते मॉडेल मी पुसलं आणि त्यानंतर एकच नियम ठेवला: कारखान्यात ज्या क्रमाने कपाट बांधतात, त्याच क्रमाने स्क्रीनवर बांधायचं. आधी खालचा बेस, मग १८ मिलिमीटरच्या उभ्या बाजू, तळ, माथा, ६ मिलिमीटरची पाठ, मधल्या फळ्या, आणि सगळ्यांत शेवटी पल्ले. या दहा महिन्यांत मला खरोखर काही समजलं असेल तर ते इथे.

कारण असं बांधायला लागलं की प्रश्न आपोआप समोर येतात. पल्ल्यांच्या आत ड्रॉवर आहे. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडला. पण पल्ला ९० अंशांत उघडला तरी तो बिजागरीच्या बाजूला थोडा आतच राहतो, मग ड्रॉवर बाहेर येताना त्याला अडणार. म्हणजे त्या बाजूला पॅकिंगची उभी पट्टी हवी आणि ड्रॉवर तेवढा अरुंद. हे मला मॉडेलमध्ये पल्ला फिरवून पाहताना दिसलं. आप्पा म्हणाले, हे कळायला त्यांना उमेदीच्या वर्षांत एक आख्खं कपाट उलगडून परत बांधावं लागलं होतं.

नवख्यांसाठी ग्रुपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्केचअपमध्ये एकमेकांना टेकलेल्या कडा आणि पृष्ठं चिकटतात. फळी भिंतीला टेकवून काढली आणि नंतर हलवली, की भिंतही ओढली जाते. पहिल्या दोन महिन्यांतला माझा अर्धा वेळ अशी वाकडी झालेली घरं सरळ करण्यात गेला. उपाय सोपा आहे: प्रत्येक फळी काढल्या काढल्या तिचा ग्रुप (बाकीच्यांना न चिकटणारा वेगळा गठ्ठा) किंवा कंपोनंट (ज्याच्या सगळ्या प्रती एकदम बदलतात असा गठ्ठा) करा, पुढची रेघ मारायच्या आधी. सारख्या वस्तू असतील तर कंपोनंटच. सहा पल्ल्यांपैकी एकाला खाच दिली की सहाही पल्ल्यांना मिळते. एकच वेगळा हवा असेल तर "मेक युनिक". हलवताना कंट्रोल दाबलं की प्रत तयार होते, आणि लगेच गुणिले ५ टाइप केलं की तेवढ्याच अंतराने पाच. जाळी आणि पट्ट्यांच्या कामात याने तासांचं काम मिनिटांवर येतं.

मापाच्या आधी दिसणाऱ्या नागमोडी चिन्हाकडेही (~) लक्ष ठेवा. मापपट्टीने मोजल्यावर २४०० च्या आधी ते चिन्ह आलं तर माप बरोबर २४०० नाही, जवळपास आहे. कुठेतरी नीट न टेकवता रेघ सोडलेली असते. आधी मी ते सोडून द्यायचे. एका किचनमध्ये अशा चार-पाच "जवळपास" मापांची बेरीज ओट्याच्या टोकाला ७ मिलिमीटर झाली. ग्रॅनाइट कापायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं म्हणून बरं.

दृश्य दाखवताना मात्र मनाला लागलेली एक गोष्ट आहे. लहान खोली स्क्रीनवर पूर्ण दिसावी म्हणून कॅमेऱ्याचा कोन वाढवतात. मूळचा ३५ अंशांचा असतो, मी तो ६५ केला. मिरजेतल्या एका काकूंना हॉल दाखवला, त्या खूश झाल्या. काम झाल्यावर आल्या आणि म्हणाल्या, "चित्रात मोठा वाटला होता गं." रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. माप सगळं खरं होतं, फक्त दिसणं ताणलेलं होतं. आता मोठ्या कोनाचं दृश्य दाखवलं तर शेजारी वरून पाहिलेला प्लॅन मापांसकट ठेवते, आणि सोफा व टीपॉय यांच्यामधून माणूस जाताना दाखवते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, साडेपाच फुटांच्या आसपास. छताच्या कोपऱ्यातून घर बघायला कोणी जात नाही.

उन्हाचंही तसंच. सावल्या लावता येतात, पण आपली जागा नेमून दिली नाही तर त्या बोल्डरच्या पडतात. तिथला सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही, सांगलीत तो मे महिन्यात येतो. पश्चिमेच्या खिडकीत ऊन किती आत येतं, पडदा लागेल की छज्जा पुरेल, हे सांगायचं तर आधी मॉडेलला सांगली सांगावी लागते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा बारकावा गिऱ्हाईकाला सनमायक्याच्या रंगापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

थ्रीडी वेअरहाउस या स्केचअपच्या ऑनलाइन भांडारातून तयार वस्तू मिळतात आणि सुरुवातीला त्यांचा मोह आवरत नाही. मी एक नळ घातला आणि फाइल आख्ख्या घरापेक्षा जड झाली. मापंही आपली नसतात. अमेरिकन क्वीन बेड ८० इंच लांब, आपल्याकडे गादी ७५ किंवा ७८ इंचांची. किचन बघाल तर त्यात ना शेगडीखाली सिलिंडरची जागा, ना मिक्सर ठेवायला ओट्यावर मोकळा कोपरा. म्हणून मी हळूहळू माझं स्वतःचं भांडार केलं: १४.२ किलोचं सिलिंडर, पाच लिटरचा कुकर, धान्याचे डबे, देव्हारा, इस्त्रीचं टेबल, पाहुण्यांच्या गाद्या रचलेला माळा. घरातल्या प्रत्येक वस्तूला टेप लावून ते केलं. माझ्या कामाची ओळख आता त्या भांडारातून होते, असं मला मनापासून वाटतं.

कारखान्यात जाणारा कागद वेगळा. आमचे कारागीर इंच आणि सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत. प्लाय मात्र मिलिमीटरमध्ये येतं. १८ ला सगळे पाऊण इंच म्हणतात, पण पाऊण इंच म्हणजे १९. एका ओळीत पाच उभ्या फळ्या आल्या की ५ मिलिमीटरचा फरक झालाच. म्हणून शीट हातात आल्यावर जाडी मोजते, मॉडेलमध्ये तीच घालते आणि मग कागदावर मापं इंच-सुतात लिहिते. सनमायका वेगळा काढत नाही, त्याचा एक मिलिमीटर हिशोबात धरते.

कटिंगसाठी ओपनकटलिस्ट हे फुकट मिळणारं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडून घ्यायचा छोटा प्रोग्राम, डेस्कटॉपवरच्या स्केचअपमध्ये घातलं आहे. प्रत्येक फळी कंपोनंट असेल तर ते फळ्यांची यादी करून आठ बाय चारच्या शीटवर मांडून दाखवतं, करवतीच्या पात्याची जाडीही धरतं. ठोकळे ओढणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. एका कामात आप्पांनी आधी आपला अंदाज काढला, मग माझ्या मांडणीशी ताडून पाहिला. त्यांचे अकरा शीट होते, माझे दहा. तो उरलेला शीट त्यांनी माझ्या टेबलासाठी ठेवला.

रेंडरिंगबद्दल, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र करण्याबद्दल, फार लिहीत नाही. त्यासाठीचं व्ही-रे थोडंफार वापरलं. चित्र सुंदर येतं, पण वेळ खातं. साध्या रंगाच्या मॉडेलवर गिऱ्हाईक मापांबद्दल बोलतं, चकचकीत चित्रावर फक्त रंगाबद्दल. म्हणून आधी साधं दाखवते.

खर्चाचं म्हणाल तर स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्ती सरावाला पुरेशी आहे. तिच्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत, मापांचे कागद मांडायचं लेआउट नाही, आणि ती व्यवसायासाठी नाही. ऑटोकॅडचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्सही शिकण्यापुरतंच असतं, हे क्लासमध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं. कामाचे पैसे घेणार असाल तर वर्षाची वर्गणी हिशोबात धराच. एवढ्यात जमत नसेल तर स्वीट होम थ्रीडी पूर्ण फुकट आहे. फर्निचर बांधायला ते अपुरं पडेल, पण खोलीत काय कुठे मावतं ते नीट कळतं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम घ्या आणि चाकाचा चांगला माउस घ्या. ट्रॅकपॅडवर स्केचअप शिकायला जाऊ नका, दोन दिवसांत सोडून द्याल.

आधी काय शिकावं? माझा क्रम आधी ऑटोकॅड असा झाला, पण आज सुरुवात केली तर मी आधी स्केचअप घेईन आणि सोबत महिनाभर एखाद्या कारखान्यात उभी राहीन.

सध्या कुपवाडच्या एका घराचं किचन चालू आहे. एल आकाराचा ओटा, कोपऱ्यात कॉलम नऊ इंच पुढे आलेला. काल रात्री आप्पा जेवण झाल्यावर शेजारी खुर्ची ओढून बसले. माउस हातात घेत नाहीत, बोटाने दाखवतात. "फिरव. आता खालनं दाव. हां, तिथं थांब." कोपऱ्यातल्या खणाचा पल्ला उघडल्यावर शेजारच्या ट्रॉलीच्या मुठीला लागत होता. मी मूठ तीन सूत सरकवली. त्यांनी परत उघडायला सांगितला.