मंडळाचं वर्षाखेरचं जेवण: हॉटेल की शेत?

आमच्या लातूरच्या महिला मंडळात डिसेंबर आला की हाच विषय निघतो. हॉटेलात हॉल घ्यायचा, की कुणाच्या तरी शेतात येळवशीसारखा, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला शेतात जेवतात तसा, बेत करायचा? माझं मत शेतालाच.

हॉटेलाची सोय मोठी, हे मान्य. कुणाला राबावं लागत नाही, तारीख हवी ती मिळते, गुडघे दुखणाऱ्या काकूंना खुर्ची मिळते. पण पनीर-नान काय, वर्षभर मिळतं.

येळवशीच्या भज्जीचं, म्हणजे मिसळ भाजीचं, तसं नाही. ओले वाटाणे, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरं, सगळं आंबट ताकातल्या बेसनात रटरटत असतं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. आदल्या रात्री मडक्यात घातलेली आंबील पेल्यात ओतली की लसणाचा वास आधी येतो. पहिला घोट घेतला की दुसरा पेला पुढं होतोच.

अडचण एकच. खुद्द येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, जो तो आपापल्या शेतात असतो. म्हणून नंतरचा रविवार धरावा. हरभऱ्याचे ढाळे तेव्हाही कोवळेच असतात.

आता भेटी. हॉटेलात चिठ्ठ्या काढून 200 रुपयांच्या वस्तू बदलतो. मला आलेली फुलदाणी अजून खोक्यातच आहे. एकदा शेतात बेत केला तेव्हा मात्र प्रत्येकीनं घरचं काही आणायचं ठरलं होतं: शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू, कुणी गावरान मेथीचं बी. एका मैत्रिणीनं आईच्या लुगड्यांची स्वतः शिवलेली वाकळ आणली आणि चिठ्ठीत ती मला आली. थंडीत रोज तीच पांघरते.