14 महिने अरबी शिकले, अनुवाद अजून शेजारीच आहेत

सातव्या वर्षी गावच्या मदरशात कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) संपला, दहाव्या वर्षी सगळा कुरआन नाज़रा झाला. म्हणजे अक्षर न अक्षर उच्चारता यायचं, अर्थ मात्र शून्य. पुढची पंचवीस वर्षं अर्थाची गरज एका उर्दू आणि एका मराठी अनुवादावर भागली, आणि खरं सांगायचं तर बरी भागली. फक्त दोन्ही शेजारी उघडून बसलं की एकाच आयतीची, म्हणजे वचनाची, दोन वाक्यं जुळायची नाहीत. मी पतसंस्थेत हिशेब बघते. दोन वह्या जुळल्या नाहीत की मूळ पावती काढायची, ही हाताला लागलेली सवय.

पहिले तीन महिने एका ॲपवर वाया गेले. विमानतळ, कॉफी, माझं हॉटेल कुठे आहे. ते बोलण्यापुरतं अरबी शिकवतं आणि शब्दांचे शेवट गाळून टाकतं. कुरआनात मात्र कर्ता कोण नि कर्म कोण, हे त्या शेवटच्या उकार-अकारावरच ठरतं. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली होती, ती गेली.

मग 'मदीना बुक्स' घेतली. मदीनेच्या इस्लामिक विद्यापीठात बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केलेले हे तीन भाग. लेखक व्ही. अब्दुर रहीम आपल्याच देशातले, तमिळनाडूतल्या वानियंबाडीचे. पहिला धडा 'हाज़ा बैतुन', हे घर आहे. पुढे मस्जिद, किताब, कलम, कुर्सी. मराठी माणसाला वाटतं, अरेच्चा, हे तर आपल्याला येतंच! तेविसाव्या धड्यापर्यंत तो भ्रम नीट फिटतो. रोज फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, चाळीस मिनिटं आणि आठवड्यातून दोनदा ऑनलाइन आपांचा (शिकवणाऱ्या बाईंचा) वर्ग, एवढं करून पहिला भाग सात महिन्यांत संपला. दुसरा निम्मा झालाय.

दहावीला मार्कांसाठी घेतलेलं संस्कृत इथे कामाला येईल असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण धातूंवरून शब्द घडणं, विभक्ती, सगळं ओळखीचं निघालं. आणि द्विवचन! सूरह रहमानमधली (सूरह म्हणजे अध्याय) 'फ-बिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज़्ज़िबान' ही आयत त्या एका सूरहमध्ये 31 वेळा येते, आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. माझ्या मराठी अनुवादात तिथे नुसतं 'तुमच्या' आहे. अनुवादक तरी काय करणार, मराठीला द्विवचनच नाही. पण 'कुमा' म्हणजे तुम्हा दोघांचा, सरळ 'युवयोः'. दोघे म्हणजे माणूस आणि जिन्न. लहानपणापासून म्हणत आलेली ओळ, आणि ती दोघांना उद्देशून आहे हे मला पस्तिसाव्या वर्षी एका प्रत्ययाने सांगितलं. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

ओळखीचे शब्द मात्र फसवतात. कुरआनातली सगळ्यात लांब आयत (सूरह बकरह, 282) उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे: मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. आमच्या धंद्यातलीच गोष्ट, म्हणून मुद्दाम शब्द शब्द करून वाचायला घेतली. मजकूर कोणी सांगायचा, तर 'अल्लज़ी अलैहिल हक्क' त्याने. मी हक्क म्हटल्यावर लगेच सावकार धरला. चूक. 'अलैहि' म्हणजे त्याच्यावर. ज्याच्यावर दुसऱ्याचा हक्क चढलाय तो, म्हणजे कर्जदार. मराठीत हक्क आपल्याकडे असतो, इथे तो डोक्यावर बसलाय. अनुवाद न बघता पुढे गेले असते तर अख्खा व्यवहार उलटा वाचला असता.

कधी उलट होतं. आत्ताच मी सहज 'मजकूर' लिहिलं ना? तोच शब्द सूरह इन्सानच्या पहिल्या आयतीत आहे, 'शैअम् मज़्कूरा'. माणसावर असाही काळ गेलाय की नाही, जेव्हा तो नाव घेण्याजोगी वस्तूच नव्हता, असा तो प्रश्न आहे. तालुक्याच्या कचेरीत 'मजकूर इसम' वाचताना आता मला दर वेळी ती आयत आठवते.

आता जे मला आधी वाटलं होतं आणि खोटं ठरलं ते. अरबी आलं की अर्थाचे वाद मिटतील, असं वाटलं होतं. तलाकनंतरच्या इद्दतीसाठी (पुन्हा लग्न करण्याआधी बाईने थांबायचा काळ) कुरआनात 'तीन कुरू' म्हटलंय (बकरह, 228). हा शब्द अरबीत मासिक पाळीलाही लागतो आणि दोन पाळ्यांमधल्या शुद्धीच्या काळालाही. आम्ही कोकणातले शाफई (मुस्लिम कायद्याची एक परंपरा), शुद्धीचे काळ मोजतो. माझी नणंद पुण्याच्या हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेच्या, घरात दिलीय, तिकडे पाळ्या मोजतात. वाद घालणारे दोन्हीकडचे विद्वान अरबीत मुरलेले होते, तरी तिढा सुटला नाही. अनुवादात मात्र दोनांतला एकच अर्थ छापलेला असतो आणि दुसरा असू शकतो याचा वासही येत नाही. मला चौदा महिन्यांत मिळालं ते एवढंच: अनुवादकाने कुठे निवड केली ती जागा आता दिसते. कोणती निवड बरोबर, ते सांगायची माझी ऐपत नाही, आणि वर्षभर अरबी शिकून व्हिडिओत फतवे देणाऱ्यांचीही नाही.

ज्यांना नुसतं समजून घ्यायचंय आणि दिवसाला दहाच मिनिटं आहेत, त्यांनी चांगला अनुवाद आणि टिपा असलेली तफसीर (कुरआनावरचं भाष्य) घ्यावी, त्यात कमीपणा नाही. अरबीत निदान दोन वर्षं घालायची तयारी असेल तरच पैसे भरा. ॲपला तर नाहीच.

सध्या शेवटच्या पाऱ्यातल्या (कुरआनाच्या तिसाव्या भागातल्या) छोट्या सूरह बहुतेक कळतात, बकरहमध्ये दर ओळीला ठेचा. नानी सत्तर वर्षं नाज़रा वाचतेय. परवा सूरह यासीन वाचून झाल्यावर म्हणाली, "तू शिकतेस ना, सांग बघू काय वाचलं मी." पहिल्या पाच आयतींचा अर्थ मी तोंडी सांगितला. "आणि पुढे?" म्हणाली. उठले आणि मराठी अनुवाद घेऊन आले.