कासव, कॅनव्हास की एसव्हीजी? दृष्टिभ्रम काढायला काय घ्यावं

कोडने दृष्टिभ्रम काढायचे म्हटलं की आधी साधन ठरवावं लागतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं टर्टल (पडद्यावर चालत रेघा काढणारं कासव), ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या जागेवर, कोडने चित्र काढणारं पी५.जेएस (पुढे नुसतं पी५) आणि हाताने लिहिलेली एसव्हीजी फाइल (आकार मजकुरात लिहून ठेवणारी चित्रफाइल), या तिन्हींत मी तीच दोन चित्रं काढून पाहिली. तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. माझं मत आधीच सांगतो: भ्रम नुसता काढायचा नसून तो का होतो हे समजून घ्यायचं असेल, तर पी५ घ्या. पण प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून सविस्तर.

पहिलं चित्र कॅफे वॉल. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमध्ये सेंट मायकल्स हिलच्या पायथ्याशी एका कॅफेच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. दृष्टीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्या प्रयोगशाळेतल्या एकाचं तिकडे लक्ष गेलं आणि १९७९ साली ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. फरश्यांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या, मधे करड्या रंगाची बारीक दरज. सगळ्या दरजा समांतर असतात, पण दिसताना पाचरीसारख्या एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद वाटतात.

टर्टलमध्ये हे काढणं म्हणजे संयमाची परीक्षा. कासव प्रत्येक फरशीभोवती चालतं, वळतं, रंग भरतं आणि पुढे जातं. आठ ओळी, बारा फरश्या, म्हणजे शहाण्णव फेऱ्या. ट्रेसर, म्हणजे कासवाची हालचाल दाखवण्याची सोय, शून्य केला की चित्र झटकन येतं, पण मग कासवाची गंमतच गेली.

एसव्हीजीमध्ये उलट. दोन ओळींचा एक तुकडा पॅटर्न म्हणून लिहायचा, दुसरी ओळ अर्ध्या फरशीने सरकवायची आणि तो पॅटर्न एका मोठ्या आयतात भरायचा. दहाएक ओळींत भिंत तयार. कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहतात, म्हणून शाळेच्या प्रदर्शनात भिंतीवर लावायचं असेल तर हेच बरं. एक अनुभव मात्र सांगतो. मी एका दुकानातून काळ्या शाईत प्रिंट काढून आणली, तर करड्या दरजेचे नुसते ठिपके झाले होते आणि भिंत बऱ्यापैकी सरळ दिसत होती! हा दोष फाइलचा नव्हता. करडा रंग काळ्या शाईत ठिपक्यांनीच छापला जातो, आणि दरज फार बारीक असली की ठिपकेच उरतात. छापायचं असेल तर दरज थोडी जाड ठेवा.

पी५ची खरी ताकद स्लायडरमध्ये आहे. दरजेच्या रंगाला एक आणि ओळी सरकवण्याच्या अंतराला दुसरा स्लायडर लावा. फरश्या एकाखाली एक आल्या की भ्रम जातो. दरजेचा करडा रंग काळ्या आणि पांढऱ्याच्या मधे असतो तेव्हा भ्रम सर्वांत जोरात असतो. दरज अगदी काळी किंवा अगदी पांढरी केली की ओसरतो. कारण तिथेच सापडतं. दरजेच्या एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला पांढरं असेल तिथे डोळ्याला कडेची नेमकी जागा थोडी सरकलेली वाटते. असे छोटे तिरके तुकडे एकाच दिशेने रांगेत येतात आणि मेंदू त्यांची मिळून एक लांब तिरकी रेषा करतो. हे वाचून जेवढं पटतं त्याहून स्लायडर हलवताना जास्त पटतं. फक्त दरज रेषेने काढू नका, कॅनव्हास तिच्या कडा मऊ करू शकतो आणि करड्यात शेजारचे रंग मिसळतात. स्ट्रोक (आकाराची बाह्यरेषा) बंद करून दोन पिक्सेल उंचीचा आयत भरा.

दुसरं चित्र म्यूलर-लायर नावाचा दृष्टिभ्रम, १८८९ सालचा. सारख्या लांबीच्या दोन रेषा, एकीची टोकं बाणासारखी, दुसरीची उलटी. इथे मात्र कासव बाजी मारतं. दोनशे पावलं पुढे जा, मग डावीकडे १३५ अंश वळून छोटी रेघ, म्हणजे पंख, मारा: बाण, रेषा आखूड दिसते. १३५ ऐवजी ४५ लिहा: पंख बाहेर, रेषा लांब दिसते. ९० लिहा: भ्रम गायब. पाचवीतल्या मुलालाही हे समजतं, आणि कोनाचं गणित सोबत फुकट येतं. एसव्हीजीत हेच करायला टोकांचे निर्देशांक आधी कागदावर काढावे लागतात. त्यात मजा नाही.

ग्रेगरींचं म्हणणं असं की मेंदू हे पंख खोलीच्या किंवा इमारतीच्या कोपऱ्यासारखे वाचतो आणि लांबचं समजून रेषा मोठी धरतो. ऐकायला छान आहे, पण कोडमध्ये पंख काढून टोकांना वर्तुळं लावून पाहा. भ्रम बराचसा टिकतो, आणि वर्तुळात कोपरा कुठे आहे? २०१५ मध्ये मेंदू-दृष्टीचे संशोधक पवन सिन्हांच्या प्रोजेक्ट प्रकाशने (अंध मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणारा उपक्रम) दाखवलं की जन्मजात मोतीबिंदू असलेली उत्तर भारतातली मुलं शस्त्रक्रियेनंतर लगेचच या भ्रमाला बळी पडतात. इतक्या थोड्या वेळात कोपरे बघून डोळा शिकला असं म्हणणं अवघड जातं.

पी५मध्ये एका रेषेची लांबी स्लायडरला जोडून घरच्यांना सांगा, दोन्ही सारख्या दिसेपर्यंत सरकवा. मी बाहेर वळलेल्या पंखांची रेषा २०० पिक्सेलवर पक्की ठेवली होती. कोड माझाच, उत्तर मला पाठ, तरी माझा आकडा दर वेळी दोनशेच्या वरच आला.