घरगुती कोअररचा ७ महिन्यांचा अनुभव, म्हणजे मुख्यतः एका बुचाची तक्रार

कोअरर म्हणजे तळ्याच्या तळातला गाळ थरांसकट उभा बाहेर काढायचा पाईप. परवा पाचव्यांदा तेच झालं. कंबरेएवढ्या पाण्यात उभा, पाईप गाळातून सुटला, हाताला मस्त वजन लागतंय, खालचं बूच लावायला वाकलो आणि गुडुप! अख्खा नमुना परत तळाला.

तर माझा कोअरर म्हणजे ५० मिमीचा पीव्हीसी पाईप, लांबी १ मीटर, खालची कड तासलेली. कड फक्त बाहेरून तासा, आतून तासली की गाळ दाबूनच आत शिरतो. पाईपबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ७ महिन्यांत चराही पडला नाही. भांडण आहे ते वरच्या बुचाशी, कारण वरचं तोंड घट्ट बंद असेल तरच वर खेचताना गाळ आत धरून राहतो.

आधी तिथे झडप होती, सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती. खाली जाताना पाणी वरून निघून जाणार, वर खेचताना चकती बसणार. घरी बादलीत दहापैकी दहा वेळा बसली. तळ्यात रेतीचा एक कण चकतीखाली अडकला की संपलं, आणि बादलीत रेती नव्हती हे डोक्यात यायला मला २ महिने लागले. मग साधं रबरी बूच. त्यात कळलं की बूच ठोकण्याआधी पाईप पाण्याने काठोकाठ भरायचा, कारण वर हवा राहिली तर ती ताणली जाते आणि गाळ हळूच घसरतो, पाणी तसं ताणलं जात नाही. एवढं पाळलं तर दहातले आठ नमुने वर येतात. उरलेले दोन जातात कारण ओलं बूच निसटतं.

इतके दिवस नमुना आखूड आला की त्याचाही दोष मी बुचालाच द्यायचो. पाईप गाळात ६० सेमी जायचा आणि आत भरायचा ४४, म्हणजे बाकीचा सांडला असंच वाटायचं. सांडला नव्हता. आतल्या भिंतीला गाळ घासून अडतो, मग खालचा गाळ आत येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. म्हणजे माझ्या जुन्या वहीतले थरांच्या खोलीचे सगळे आकडे चुकलेले, कारण कुठला थर किती आखडला ते आता सांगता येत नाही. पिस्टन हवा होता, म्हणजे पाईपच्या आत दोरीने गाळाच्या पातळीवर धरून ठेवलेला दट्ट्या. लिव्हिंगस्टोन या संशोधकाचा तळ्यांसाठीचा पिस्टनवाला कोअरर १९५५ पासून आहे, पण दट्ट्या-दोरीची कटकट नको म्हणून मीच टाळलं.

नमुना सांडू नये म्हणून बाटली कापून केलेल्या पाकळ्या खालच्या तोंडाला लावा असं मी आधी सगळ्यांना सांगत होतो, ते मागे घेतो. रेतीत ठीक, मऊ चिखलात थर पार विस्कटतात.

पण एक सांगतो, धड नमुना आला की राग जातो. काठीने खालून ढकलत १-१ सेमीच्या चकत्या कापायच्या. सगळ्यात वर जेमतेम नखाएवढा तपकिरी थर, त्याखाली एकदम काळाकुट्ट, लोहाच्या सल्फाइडमुळे, आणि सडक्या अंड्याचा असा भपकारा येतो की घरातले बाल्कनीत हाकलतात.

आता नट पिळला की फुगून घट्ट बसणारं बूच मिळालंय. पैसे गेले, जीवावर आलं, पण घेतलं. दोनच फेऱ्या झाल्यात, अजून एकही नमुना पडला नाही. नटाला मात्र गंज धरायला लागलाय.